जागेवरचा दगड

हल्ली ज्वारी फार स्वच्छ येते आणि तेच मला खटकतं. फाल्गुन लागला की झरीहून धाकटा भाऊ नव्या ज्वारीचं पोतं पाठवतो. मी घाईघाईने शिवण उसवते, ओंजळभर दाणे परातीत घेऊन फुंकर मारते, आणि काही म्हणजे काही उडत नाही. मळणी यंत्रातून निघालेली ज्वारी. टपोरी, लख्ख, भुशाचा कण नाही. मी फोन करून म्हणते, "अरे, थोडा भुसा राहू देत जा की." तो म्हणतो, "अक्का, लोकं भुसा निघाला म्हणून भांडतेत अन् तू न्हाई म्हणून भांडायलीस. कमाल हाय तुजी."

असू दे कमाल. पुण्यात तिसऱ्या मजल्यावर राहणाऱ्या बाईला भुसा कशाला हवा, हे कितीदा सांगितलं तरी तो हसतोच. पण नव्या ज्वारीचा तो कोरडा, किंचित गोडसर वास स्वयंपाकघरात पसरला की माझं कशात लक्ष लागत नाही. भाकरी थापता थापता हात थांबतो. झरीचं खळं दिसायला लागतं, गावातल्या अप्पांची अर्धी खोदलेली विहीर दिसते, आणि तिच्या काठापासून चार पावलं मागे उभे असलेले माझे बाबा दिसतात.

आयुष्यभर मी पृथ्वीचं जुनं चुंबकत्व शिकवलं. हे ऐकून पाहुणे "अरे वा" म्हणतात आणि चहाच्या कपाकडे वळतात. विषय खरं तर सोपा आहे, माणसं उगीच बिचकतात. आपल्या मराठवाड्याचा काळा दगड हा कधीकाळी तापलेला, वाहता रस होता. थरावर थर येत गेले. एकेक थर गार होत आला तेव्हा त्यातल्या लोखंडी कणांनी त्या वेळची उत्तर धरली आणि ते तसेच घट्ट बसले. पुढे पृथ्वीचं चुंबक कितीदा तरी उलटंपालटं झालं. सुईचं उत्तरेकडचं टोक दक्षिणेला वळलं असतं, असे लांबच लांब काळ येऊन गेले. दगडातले कण मात्र जागचे हलले नाहीत. ते वाचायचे आणि पोरांना वाचायला शिकवायचं, हेच माझं काम.

दर वर्षी पहिल्या तासाला मी वर्गात एक पिशवीभर भुसा, थोडी ज्वारी, एक टेबलफॅन आणि जुनी चादर घेऊन जायची. मोठी यंत्रं बघायच्या आशेने आलेली मुलं एकमेकांना कोपरानं ढोसायची. मागच्या बाकावरून हमखास आवाज यायचा, "मॅडमचं खळं सुरू झालं." होऊ दे म्हटलं. ज्याला ते खळं समजलं त्याला पुढचा विषय कधी जड गेला नाही. मी स्वतः तो धडा झरीच्या शिवारात शिकवता शिकवता शिकले, आणि तेव्हा माझ्यासमोर विद्यार्थी एकच होता. तोही चांगला पन्नाशीचा, मिशा पिळणारा.

बहात्तरचा दुष्काळ सरून गेला होता, तरी त्याची धास्ती लोकांच्या अंगातून गेली नव्हती. शिवारात बघावं तिकडे विहिरी खोदणं चालू होतं. मी तेव्हा हैदराबादला एका संस्थेत संशोधन करत होते. आमच्या सगळ्या भावकीत एवढी शिकायला बाहेर पडलेली मी पहिलीच मुलगी. माझं म्हणणं असं होतं की आमच्या जिल्ह्यातल्या दगडात पृथ्वीचं चुंबक उलटल्याची खूण सापडेल. खालचा थर उलट्या दिशेचा, वरचा सुलट्या. सरांनी ऐकून घेतलं आणि चष्मा पुसत म्हणाले, "एकाच जागी, एकाखाली एक, दोन्ही थर दाखवा. नाही दाखवता आले तर या उन्हाळ्यात विषय बदला." सर तसे भले माणूस होते, पण बोलले की बोलले.

उघड्यावरचा दगड मला चालण्यासारखा नव्हता. उन्हापावसाने कुजलेला, विजांनी बिथरलेला. ताजा दगड हवा तर विहिरीतलाच. म्हणून ऐन सुगीत मी पिशवी, छिन्नी, हातोडा घेऊन हिंडत होते. सोनपेठच्या बाजूला झालं, मानवतच्या बाजूला झालं. एसटीत पिशवी उचलून बघत कंडक्टर म्हणाला, "बाई, ह्यात काय हाय?" मी म्हटलं, "दगड." तो म्हणाला, "काऊन, परभणीतले सरले का?" सगळी एसटी हसली, मीही हसले. मनातून रडू येत होतं, कारण एकाही विहिरीत दोन्ही थर नव्हते.

आणि मग ते निघाले ते माझ्याच गावात. अप्पांच्या शेतात नवी विहीर चालू होती. वरून वाकून पाहिलं तर काळ्या दगडाच्या मधोमध विटकरी रंगाचा पट्टा. खालचा थर गार झाल्यावर बराच काळ उघडा पडला, त्याची माती झाली आणि मग वरचा थर येऊन बसला, असा त्या पट्ट्याचा अर्थ. काळाची अख्खी फट होती ती. मला नाचावंसं वाटलं. बाबा मात्र काठापासून चार पावलं मागे उभे होते.

बाबा झरीच्या शाळेत मास्तर. निजामाच्या राज्यात उर्दू शाळेत शिकलेले, त्यामुळे माझ्या होकायंत्राला ते शेवटपर्यंत 'कुतुबनुमा' म्हणत. छप्पननंतर आमचं घर बौद्ध झालं. त्याच्या कितीतरी आधी, बाबा लहान असताना, गावातल्या कुठल्याही विहिरीला त्यांचा हात लागलेला चालत नसे. अप्पांच्या घरच्या जुन्या विहिरीपाशी लांब उभं राहायचं, ओंजळ धरायची, वरून कुणीतरी पाणी ओतायचं. ओतणारा कधी मोठा माणूस असे, कधी बाबांच्याच वयाचे अप्पा. हे बाबांनी मला एकदाच सांगितलं, तेही गणित समजावता समजावता. वर म्हणाले, "लेकरूच होतं ते बी. हात बारके, पाणी निम्मं सांडायचं." मला राग आला होता. त्यांनी पुढचं उदाहरण घातलं.

अप्पा लिंगायत घरचे. गळ्यात लिंगाची चांदीची डबी, कपाळावर भस्माचे पट्टे, आवाज असा की शिवारभर जावा. त्यांची सगळी मुलं बाबांच्या हाताखाली शिकली. "गुरुजी, गुरुजी" करत ते बाबांना खुर्ची देत, चहा देत. कप मात्र कोनाड्यातला, वेगळा. बाबा तो दिसलाच नाही असं वागत. मला तेवढं जमत नसे, मी कपाकडे बघत राही.

मी अप्पांना सांगितलं की मला तुमच्या विहिरीतले दगड हवेत, लाल पट्ट्याच्या वरचे आणि खालचे. ते एकदम खूश. "घे की बाई! दगडाला काय तोटा हाय का? लागतील तितके ने." मी म्हटलं, "मी उद्या येते, खाली उतरून काढते." त्यावर त्यांनी मिशीवर हात फिरवला. मग विहिरीच्या रीतीबद्दल बोलायला लागले. झरा लागायला आलाय, कधीबी लागंल. झरा लागला की आधी मालकानं अनवाणी उतरायचं, हळदकुंकू वाहायचं, नारळ फोडायचा, पहिली ओंजळ मालकाची. तोवर पाण्याला दुसऱ्या कुणाचा हात लागायचा नाही. "अन् परवा सकाळी खाली सुरुंग लावायचेत," ते म्हणाले. म्हणजे मला उद्याचा एकच दिवस होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी दारात बैलगाडी उभी. गाडीत दगड. निवडून काढलेले, एकसारखे, आणि अहो, चक्क धुतलेले! अप्पांनी पहाटे माणसं उतरवून लाल पट्ट्याच्या वरचे आणि खालचे दगड फोडून घेतले होते, यारीने, म्हणजे विहिरीतला मलबा ओढायच्या त्या लाकडी खांबाच्या चाकाने, वर काढले होते आणि माती नको म्हणून हौदात धुऊन पाठवले होते. माय तर हरखलीच. "बग बाई, किती जीव लावतेत," म्हणाली. बाबांनी एकेक दगड ओट्यावर मांडला आणि सुटल्यासारखे म्हणाले, "झालं ना तुझं काम?"

माझं काम झालं नव्हतं, माझं वाटोळं झालं होतं. दगड जागेवर असताना त्यावर उत्तरेची रेघ मारायची, सपाटीची रेघ मारायची आणि मगच तो हलवायचा. एकदा हलला की त्यातले कण कुठल्या दिशेला तोंड करून होते ते देवालाही सांगता येत नाही. ओट्यावरचे ते देखणे दगड मुके होते. मी मटकन बसले आणि रडले, अगदी मोठ्याने. त्या गाडीत माया किती होती आणि 'ही पोरगी आपल्या विहिरीत उतरायला नको' हे किती होतं, याचा हिशेब मी तेव्हाही लावत होते. आजही तो लागत नाही. बहुधा दोन्ही एकाच गाडीत बसून आलं होतं.

बाबा म्हणाले, "राहू दे ना पोरी. दुसरी विहीर बघू."

"दुसरी नाही बाबा. हीच आहे."

"त्यांना अवघड वाटायलं असंल."

"आणि मला? आणि तुम्हाला?" मी म्हटलं. बाबा उठले. आत गेले, टोपी घातली आणि बाहेर आले. म्हणाले, "चल."

अप्पा खळ्यावर होते. मळणी होऊन उफणणी चालू होती. एक गडी तिपाईवर उभा राहून पाटी हलवत होता. दाणे सरळ खाली पडत होते आणि भुसा वाऱ्याने लांब जाऊन पडत होता. हवेत सोनेरी धुरळा, नाकात खाज. आम्हाला बघून अप्पा ओरडले, "कसे हायेत दगडं? पसंत पडले का?"

मी म्हटलं, "अप्पा, दगड लय चांगले आहेत, पण माझ्या उपयोगाचे नाहीत." त्यांचा चेहरा उतरला. मी सांगायचा प्रयत्न केला, कण, दिशा, चुंबक. ते म्हणाले, "दगड तोच, हीर तीच. हितला अन् घरचा, ह्यात फरक तो काय?" प्रश्न अगदी बरोबर होता आणि उत्तर त्यांच्याच भाषेत द्यायला हवं होतं. मी इकडेतिकडे बघत राहिले. समोर कालच्या उफणणीचा भुसा पडला होता, खळ्याच्या कडेपर्यंत निमुळता होत गेलेला.

"अप्पा, काल वारा कुठून होता?"

"आता हे काय इचारणं झालं! भुसा पडलाय की तिकडं लांब. वारा हिकडून होता."

"वारा तर गेला. मग कसं कळलं?"

"अगं, भुसा सांगायलाय की!"

"बरं. आता हाच भुसा मी पाटीत भरून घरी नेला, चांगला चाळून तुमच्यापुढं ठेवला. आता सांगा, वारा कुठून होता?"

तिपाईवरचा गडी हलायचा थांबला. मग अप्पांनी कपाळावर हात मारला. "पाटी काय सांगंल, डोंबल! म्या तुजा भुसा पाटीत भरून धाडला म्हण की!" आणि असे हसले की बैलांनी माना वर केल्या. मागे बाबा हसत होते, तोंडावर हात धरून.

मग अप्पांना सगळंच ऐकायचं होतं. ही जमीन तेव्हा इथे नव्हतीच, विषुववृत्ताच्या पार खाली होती, सरकत सरकत इथवर आली, हेही दगडच सांगतो, असं म्हटल्यावर ते गंभीर झाले. "म्हंजी माजं शेत चालत आलंय?" मी म्हटलं, "व्हय." ते म्हणाले, "अन् सातबारा?" पुढे कितीतरी वर्षं मी हा प्रश्न वर्गात सांगितला आणि दर वेळी तो माझ्या व्याख्यानापेक्षा जास्त लक्षात राहिला.

हसणं ओसरल्यावर ते भुशापाशी बसले. गळ्यातली डबी चाचपली. "आमी रोज सकाळी लिंग तळहातावर घेऊन टक लावून बसतो," ते म्हणाले. "तू बी दगड घेऊन तशीच बसतीस म्हण." मग उठले, धोतर झटकलं. "जा, उतर. पण यकटी जाऊ नको. गुरुजी, तुमी बी जा संगट."

उत्तर काढायला होकायंत्र पुरत नव्हतं. आमचा दगडच सुईला भुलवतो, त्यात यारीची तार आणि पहारी. म्हणून उन्हाची सावली वापरायची. फळीवर उभी पितळी काडी, तिची सावली आणि नेमकी वेळ. विहिरीच्या तळाशी ऊन पोचतं ते भर दुपारी, थोडा वेळ, उत्तरेकडच्या बाजूला. वेळ सांगायला दुसरं माणूस हवंच होतं. बाबांचं मनगटी घड्याळ रेडिओच्या ठोक्याला लावलेलं असे. तेव्हा अप्पा म्हणाले ते कामाचंच होतं, पण बाबा शिडीपाशी बराच वेळ उभे राहिले. त्यांनी चपला काढल्या. एक हात काठाच्या दगडावर ठेवला, उचलला, परत ठेवला. मग उतरले. मी पदर खोचून त्यांच्या मागून उतरले.

खाली गारवा होता आणि सुरुंगाच्या दारूचा जुनाट वास. लाल पट्टा माझ्या खांद्याच्या उंचीवर. वरच्या थरातले दगड आधी घेतले. मी फळी धरायची, बाबा वेळ पुकारायचे, शाळेत हजेरी घेतल्यासारखी खणखणीत. खडूची रेघ पुसली जाते, म्हणून छिन्नीने रेघ. मग खालचा थर. पायाशी, अगदी तळाला, अखंड काळा दगड. ऊन वर सरकत चाललं होतं आणि मला घाम फुटला होता. शेवटच्या दगडावर सावली पडली, बाबांनी वेळ सांगितली, मी रेघ मारली. झालं.

निकाल हैदराबादला लागायला उन्हाळा निम्मा गेला. दगडाचे छोटे तुकडे कापायचे, त्यांच्यावर नंतर चढलेलं आजच्या काळाचं चुंबकत्व थोडं थोडं करून उतरवायचं आणि मुळात काय आहे ते बघायचं. वरचे उत्तरेकडे. खालचे दक्षिणेकडे. मी परत परत मोजलं. सरांनी कागद बघितला, चष्मा पुसला आणि म्हणाले, "विषय बदलायची गरज नाही." मी जिन्यातच बसून हसत सुटले. पृथ्वीला असं उलटायला काही हजार वर्षं लागतात, हे मी नंतर शेकडो मुलांना शिकवलं. त्या मानाने माणसं लवकर वळतात म्हणावं की फारच उशिरा, हे मला ठरवता येत नाही. अप्पांच्या कोनाड्यातला कप पुढच्या दिवाळीला गेलेला होता, एवढं मी पाहिलं. गावातले सगळेच कप काही तेव्हा गेले नाहीत.

पण नव्या ज्वारीचा वास आला की मला आठवतो तो निकाल नाही. आठवतं ते तळाशी रेघ मारून झाल्यानंतरचं.

तो शेवटचा दगड सुटावा म्हणून मी फटीत छिन्नी घातली आणि हातोडा मारला. दगड हलला, आणि त्याच्यामागून पाणी आलं. आधी नुसती ओल, मग बोटाएवढी धार. बघता बघता बाबांच्या पायाशी आली. बाबा झटकन मागे सरले. कोरड्या दगडावर चढून उभे राहिले आणि दोन्ही हात छातीशी घेतले, पाण्याला लागू नयेत म्हणून. पन्नाशीचा माणूस, गावाचा गुरुजी. मी दगड उराशी धरून त्यांच्याकडे बघत राहिले.

वर काठावर अप्पांचं डोकं दिसत होतं. त्यांनी पाणी पाहिलं होतं. बाबांना मागे सरताना पाहिलं होतं. हळदकुंकवाचं ताट घेऊन ते आता उतरतील आणि आम्हाला बाजूला व्हायला सांगतील, असं वाटून मी शिडी मोकळी केली.

"गुरुजी," अप्पा वरून म्हणाले. आवाज नेहमीचा नव्हता. "चाखून बगा की. गोड हाय का मचूळ?"

बाबांनी वर पाहिलं. "मालकाचा मान हाय, अप्पा. तुमी या."

"मान ऱ्हाऊ द्या. तुमी हात लावल्याबिगर म्या काय उतरत न्हाई."

बाबा दगडावरून खाली आले. वाकले. आयुष्यभर वर धरलेली ओंजळ त्यांनी खाली नेली, धारेखाली पाण्यात बुडवली आणि भरून उचलली. एक थेंब सांडला नाही. ते प्याले. डोळे मिटून उभे राहिले.

"काय म्हन्ता? ऐकू येईना!" वरून हाक आली.

बाबांनी डोळे पुसले, मान वर केली आणि सगळी शाळा ऐकेल अशा आवाजात ओरडले, "गोड हाय!"